देवयानीची विहीर आणि अपोलोचे तारू

डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही विज्ञानकथा नव्या रूपात अवतरली आणि २००४ ते २००९ या काळात तिची दीर्घ मालिका झाली. या मालिकेच्या शीर्षकसंगीतात एक स्त्रीस्वर गायत्री मंत्र गातो. मालिकेतील माणसे मात्र झ्यूस, अथेना, अपोलो यांची उपासना करतात. त्यांच्या धर्मग्रंथातील भविष्यवाणी पिथिया नावाच्या स्त्रीची आहे, आणि पिथिया म्हणजे डेल्फीच्या देवळातील अपोलोची पुजारीण. नायकाचे वैमानिकी टोपणनावही अपोलोच. ग्रीक देवांच्या नावाने चालणाऱ्या या तारूच्या शिडात वैदिक ऋचेचा वारा का भरावा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला पडणे स्वाभाविक आहे. भाबड्या अभिमानाने किंवा तितक्याच भाबड्या संतापाने त्याचे उत्तर देता येते, आणि दोन्ही प्रकारची उत्तरे आपण ऐकलेली आहेत. प्रस्तुत लेखाला त्यांत रस नाही. ग्रीक पुराणकथा आणि आकाश यांच्याशी मराठी मनाचा जुना व्यवहार आहे. त्या व्यवहाराच्या उजेडात दूरचित्रवाणीवरील या पुराणकथा आणि त्यांचे संगीत कसे दिसते, हे येथे पाहायचे आहे.

आधी थोडा इतिहास. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेने ग्रीक देवांना प्रथम ठळकपणे बोलावले ते 'स्टार ट्रेक'च्या सप्टेंबर १९६७ मधील एका भागात. त्याचे शीर्षक शेलीने कीट्सवर लिहिलेल्या विलापिकेवरून घेतलेले आहे. एका दूरच्या ग्रहावर अंतराळवीरांना साक्षात अपोलो भेटतो. ऑलिंपसचे देव हे वस्तुतः पृथ्वीवर येऊन गेलेले परग्रहवासी होते, माणसांनी पूजा थांबवली तेव्हा ते निघून गेले, आणि एकटा उरलेला अपोलो भक्तांची वाट पाहत बसला आहे, अशी ती कल्पना. कप्तान कर्क त्याला सांगतो की आम्हाला आता अनेक देवांची गरज उरलेली नाही, एक पुरेसा आहे. साठीच्या दशकातील अमेरिकेचा आत्मविश्वास या उत्तरात पुरेपूर उतरला आहे. देव हा मानवजातीच्या बालपणीचा खेळ, आता आम्ही मोठे झालो, असा त्याचा सूर. भागाचा शेवट मात्र लेखकाच्या हातून किंचित निसटला आहे, आणि तेच त्याचे भाग्य. शक्तिहीन झालेला अपोलो वाऱ्यात विरून जातो तेव्हा कर्कसुद्धा थोडा हळहळतो.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९६८ मध्ये, याच मालिकेत प्लेटोच्या नावाने राज्य करणारी एक जमात आली. मनःशक्तीच्या बळावर ती इतरांना बाहुल्यांसारखी नाचवते. या भागात लायर हे वाद्य आहे, अॅरिस्टोफेनिसच्या 'बेडूक' या नाटकातील वृंदगान आहे, आणि कधीही न गाणाऱ्या स्पॉकला बळजबरीने गायला लावले आहे. संगीत हे येथे छळाचे साधन होते. लायर हे अपोलोचे वाद्य, संयमाचे आणि प्रमाणबद्धतेचे चिन्ह. तेच गुलामाच्या हाती देऊन धन्याची करमणूक करून घेणे यात जो उपरोध आहे, तो त्या मालिकेच्या एरवीच्या भाबडेपणाच्या मानाने बराच धारदार म्हणावा लागेल.

ऐंशीच्या दशकात 'स्टार ट्रेक' आपल्या दूरदर्शनवरही दाखवली गेली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात 'रामायण' सुरू झाले. एकाच पडद्यावर, एकाच पिढीने दोन्ही पाहिले. आकाशमार्गाने जाणारे पुष्पक विमान आणि 'एंटरप्राइज' यांत त्या वेळच्या मुलांना फारसा भेद वाटत नव्हता, आणि समीक्षेच्या दृष्टीने ही गोष्ट वाटते तितकी हास्यास्पद नाही.

इतर उदाहरणे ओझरती सांगून पुढे जाऊ. ब्रिटनच्या 'डॉक्टर हू'ने १९६५ मध्ये ट्रॉयचे युद्ध, १९७२ मध्ये अटलांटिस आणि १९७८ मध्ये जेसनच्या सुवर्णलोकरीची कथा वापरली. फ्रान्स आणि जपान यांनी मिळून १९८१ मध्ये केलेल्या 'युलिसिस ३१' या सचेतपट मालिकेत ओडिसियसला एकतिसाव्या शतकात नेऊन ठेवले. या सगळ्यांत कथा ग्रीक असली तरी संगीत त्या त्या काळच्या फॅशनचे होते. संगीताने कथेशी स्वतंत्र संवाद केला, असे त्यांच्याबाबत म्हणवत नाही.

आता आपल्या आकाशाकडे वळू. मराठीतील कोणतेही आकाशनिरीक्षणाचे पुस्तक उघडले तर अँड्रोमेडा या तारकासमूहाला 'देवयानी' म्हटलेले आढळते. कॅसिओपिया 'शर्मिष्ठा' होते, पर्सियस 'ययाती' आणि सिफियस 'वृषपर्वा'. हे भाषांतर नव्हे, कारण अँड्रोमेडा या नावाचा देवयानी या नावाशी शब्दार्थाने काही संबंध नाही. एक अख्खे ग्रीक कुटुंब उचलून त्याच्या जागी महाभारताच्या आदिपर्वातील कुटुंब बसवण्याचा हा प्रकार आहे, आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे.

ग्रीक कथेत सिफियस हा राजा, कॅसिओपिया त्याची राणी, अँड्रोमेडा त्यांची कन्या. राणीने सौंदर्याचा गर्व केला म्हणून समुद्रदेव कोपला, कन्येला खडकाला साखळदंडाने बांधावे लागले, आणि पर्सियसने तिला सोडवून वरले. आपल्याकडे वृषपर्वा हा असुरांचा राजा, शर्मिष्ठा त्याची कन्या, आणि देवयानी ही त्याच्या गुरूची, शुक्राचार्यांची मुलगी. नाती जुळत नाहीत. कॅसिओपिया ही सिफियसची पत्नी, तर शर्मिष्ठा ही वृषपर्व्याची मुलगी. मग जुळते काय? गर्विष्ठ राजस्त्री जुळते. तिच्या गर्वामुळे संकटात सापडलेली दुसरी स्त्री जुळते. शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकलले, तेथून जाणाऱ्या ययातीने तिचा उजवा हात धरून तिला वर काढले, आणि त्या पाणिग्रहणातूनच विवाह निघाला. खडकाला बांधलेली अँड्रोमेडा आणि विहिरीत पडलेली देवयानी यांची जात एकच. नातेसंबंध बाजूला ठेवून कथेचा सांगाडा ओळखण्याची ही दृष्टी आपण आज आदिबंधात्मक समीक्षा म्हणून एम.ए.च्या वर्गात शिकवतो. मराठी नक्षत्रनामांत ती आधीच निमूटपणे वावरत होती.

याच्या मागे आणखी जुना थर आहे. 'गॅलॅक्टिका'तील मानवांच्या बारा वसाहती बारा राशींच्या नावांवर बेतलेल्या आहेत. कॅप्रिका म्हणजे मकर, टॉरॉन म्हणजे वृषभ, लिऑनिस म्हणजे सिंह. आता सहाव्या शतकातील वराहमिहिराचे 'बृहज्जातक' पाहा. त्यात राशींची दुसरी एक नाममाला येते. वृषभाला 'तावुरि', सिंहाला 'लेय', कन्येला 'पाथोन', तुळेला 'जूक', मकराला 'आकोकेर'. ही उघडउघड ग्रीक नावे आहेत, संस्कृतच्या उच्चारात घोळून गुळगुळीत झालेली. कुंभाच्या ग्रीक नावाचे तर 'हृद्रोग' झाले. कुंभ राशीच्या माणसांनी ते मनावर घेऊ नये. म्हणजे एकविसाव्या शतकातील अमेरिकन पटकथेतील 'टॉरॉन' आणि दीड हजार वर्षांपूर्वीच्या भारतीय ग्रंथातील 'तावुरि' हे एकाच ग्रीक बैलाचे दोन वंशज. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' या ग्रंथात ग्रीक संबंधाच्या या प्रश्नाची सविस्तर चर्चा केली आहे. 'होरा' हा शब्द ग्रीक, 'केंद्र' हा शब्द ग्रीक. गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पाटीवर आपण रोज तो वाचतो.

दीक्षितांच्या तीनच वर्षे आधी, १८९३ मध्ये, लोकमान्य टिळकांनी वेदांच्या प्राचीनत्वावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिले 'ओरायन'. मृगनक्षत्राच्या साहाय्याने वेदकाल ठरवू पाहणाऱ्या ग्रंथाला ग्रीक शिकाऱ्याचे नाव का द्यावे? वाचक युरोपीय होते, हे एक कारण. पण टिळकांना ते नावच मुळात 'आग्रयण' या वैदिक शब्दाचे आप्त वाटत होते. ओरायनचा कमरपट्टा आणि प्रजापतीचे यज्ञोपवीत यांचीही त्यांनी तुलना केली आहे. ही व्युत्पत्ती आज मान्य होण्यासारखी नाही. तरीही तिच्यामागची ओढ ध्यानात घ्यावी. पारतंत्र्यातील एक विद्वान आपल्या आकाशावर आपला हक्क सांगत होता, आणि तो सांगताना ग्रीकांना हाकलून न देता नात्यात ओढत होता.

आमच्या अंबाडीच्या परिसरालाही हे नाते परके नाही. इथून एका बाजूस सोपारा आणि दुसऱ्या बाजूस कल्याण. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात ही दोन्ही बंदरे 'सुप्पारा' आणि 'कल्लिएना' या नावांनी येतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची दाने कोरलेली आहेत. भिवंडी-वाडा रस्त्यावरून जाणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रीक पुराणकथा फक्त इंग्रजी वाहिन्यांमुळे भेटते, हा समज म्हणूनच इतिहासाला धरून नाही. ग्रीक माणूस इथे व्यापाराला येत होता, दान देत होता, आणि बहुधा आपल्या देवांच्या गोष्टीही सांगत असणार.

विसाव्या शतकातील मराठी साहित्याने या दोन कुटुंबांपैकी ययातीचे कुटुंब फार मनापासून जपले. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची. शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' १९६६ मध्ये आले आणि त्याला जितेंद्र अभिषेकींचे संगीत लाभले. आकाशातील अँड्रोमेडाला युरोपात ऑपेराचे संगीत मिळाले, तर आपल्या देवयानीला नाट्यसंगीत मिळाले, ही नोंद तौलनिक अभ्यासात करून ठेवण्याजोगी आहे. ग्रीकांची थेट भेट मात्र आपण शोकनाट्याच्या वाटेने घेतली. पु. ल. देशपांडे यांचे 'राजा ओयदिपौस' (१९७९) हे त्याचे ठळक उदाहरण. विज्ञानकथेत मात्र ग्रीकांना प्रवेश मिळाला नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठवलेली कथा 'कृष्णविवर' होती. पुढे 'यक्षांची देणगी' आली, 'वामन परत न आला' आली. या कादंबरीत उत्खननात सापडलेल्या प्राचीन, प्रगत संस्कृतीच्या ज्ञानातून घडणाऱ्या यंत्रमानवाचे नाव वामन आहे, आणि बळीची कथा ठाऊक असलेल्या वाचकाला त्या एका नावातच पुढचा धोका दिसू लागतो. पाश्चात्त्य लेखक अपोलो किंवा पँडोरा या नावांकडून जे काम करवून घेतो, तेच काम नारळीकर यक्ष आणि वामन यांच्याकडून करवून घेतात. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा 'विज्ञानकथा हे साहित्य का' हा जुना वाद पुन्हा उकरला गेला. त्या वादात नावांच्या या योजनेकडे कोणी लक्ष दिले असते तर बरे झाले असते.

'कृष्णविवर' या शब्दाशी क्षणभर थांबू. २००० ते २००५ या काळात 'अँड्रोमेडा' नावाची एक मालिका झाली. जीन रॉडनबेरी यांच्या टिपणांवर आधारलेली ही मालिका काही थोर नव्हे. शेवटच्या वर्षांत तर ती पाहवत नाही. पण तिची सुरुवात चिंतनीय आहे. 'अँड्रोमेडा' नावाचे युद्धनौकेसारखे अवकाशयान, ज्याला स्त्रीचे व्यक्तिमत्त्व आणि स्त्रीचा आवाज आहे, ते कृष्णविवराच्या काठावर तीनशे वर्षे गोठून पडते, आणि एका भंगारवाल्या यानाची माणसे त्याला दोर लावून बाहेर ओढतात. ग्रीक कथा जाणणाऱ्याला येथे खडकाला बांधलेली राजकन्या आठवते. मराठी वाचकाला मात्र आणखी जवळचे काही दिसते. विवर म्हणजे बीळ, खड्डा, पोकळी. विवरात पडलेली आणि हात धरून वर काढलेली स्त्री म्हणजे तर थेट देवयानी. खडकाच्या कथेपेक्षा विहिरीची कथा या प्रसंगाला अधिक नेमकी बसते. लेखकांना महाभारत ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. आपल्या नक्षत्रनामांनी जो सांगाडा ओळखला होता तो किती मजबूत आहे, याचे हे प्रत्यंतर मानावे.

आता पुन्हा गायत्री मंत्राकडे. १९७८ ची मूळ 'गॅलॅक्टिका' ग्लेन लार्सन यांची, आणि तिचे संगीत स्टू फिलिप्स यांचे होते. तुताऱ्या-नगारे, विजयी वाद्यवृंद, असा तो बाज. नव्या मालिकेत रोनाल्ड मूर यांनी ग्रीक नावे टोपणनावांच्या पातळीवर आणली. अपोलो हा आता देवासारखा कोणी नसून ली अडामा नावाचा, बापाशी न पटणारा तरुण आहे. संगीतही बदलले. रिचर्ड गिब्स आणि त्यांच्यानंतर बेअर मॅक्क्रिअरी यांनी जपानी तायको ढोल, अर्मेनियन दुदुक अशी वाद्ये आणून वाद्यवृंदाचा विजयी थाट मोडून काढला. ही मालिका पराभूतांची आहे. बारा ग्रह एका दिवसात बेचिराख होतात आणि उरलेली पन्नास हजारांच्या आतबाहेर माणसे जहाजांच्या तांड्यातून वणवण फिरतात. निर्वासितांच्या कथेला तुताऱ्या कशा शोभणार?

गायत्री मंत्राची निवड या धोरणातूनच झाली असावी, असा माझा तर्क आहे. प्राचीन वाटणारा, इंग्रजी प्रेक्षकाला न कळणारा, पण प्रार्थना आहे हे स्वरावरून कळणारा मजकूर हवा होता. तेवढ्यापुरता हा व्यवहार वरवरचा आहे, आणि तसे म्हणायला संकोच नको. मंत्राचा अर्थ बाजूला ठेवून त्याचा केवळ सुगंध वापरणे ही पाश्चात्त्य चित्रपटसंगीताची जुनी सवय. परंतु कलाकृतीत आलेली गोष्ट आणणाऱ्याच्या हेतूपुरती उरत नाही. ही ऋचा ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील, तिची देवता सविता, म्हणजे प्रेरणा देणारा सूर्य. नायकाचे नाव अपोलो, आणि उत्तरकालीन ग्रीक परंपरेत अपोलोही सूर्याशी एकरूप झालेला. मालिकेच्या अखेरच्या भागात, २००९ मध्ये, माणसे आपली सगळी जहाजे सूर्यात विसर्जित करतात, आणि त्या वेळी १९७८ ची फिलिप्स यांची जुनी धून वाजते. दरम्यान तीच धून कथेच्या आत वसाहतींचे राष्ट्रगीत होऊन बसलेली असते. म्हणजे मालिकेचा आरंभ सूर्याच्या प्रार्थनेने आणि शेवट सूर्यातील विसर्जनाने. ऋचेचा द्रष्टा विश्वामित्र, ज्याने त्रिशंकूसाठी प्रतिसृष्टी उभारली आणि नवी नक्षत्रे मांडली. विज्ञानकथा हा प्रतिसृष्टीचाच उद्योग असल्यामुळे याहून योग्य ऋषी त्यांना शोधूनही सापडला नसता. मराठीत दक्षिण आकाशातील एका तारकासमूहाला 'त्रिशंकू' म्हणतात, हेही या संदर्भात आठवते.

संगीत आणि ग्रीक कथा यांची खरी गाठ मात्र दुसऱ्याच पात्रापाशी पडते. कारा थ्रेस ही मालिकेतील बेदरकार वैमानिका. थ्रेस हा ऑर्फियसचा प्रदेश. ऑर्फियस गायक होता, मृत पत्नीला आणायला पाताळात उतरला, वाटेत मागे वळून पाहिले आणि तिला कायमचा मुकला. काराचे वडील पियानोवादक आहेत. कारा स्वतः मरते आणि परत येते. लहानपणी वडिलांनी शिकवलेली एक धून आणि हेरा नावाच्या मुलीने कागदावर काढलेले ठिपके एकच निघतात. अखेरच्या संकटात कारा त्या स्वरांना आकडे देते, ते आकडे यानाच्या यंत्रात घालते, आणि तांडा नव्या पृथ्वीपाशी पोहोचतो. स्वर म्हणजे संख्या, ही पायथागोरसची शिकवण येथे अक्षरशः नौकानयन होते. मग हिरव्या माळावर ली तिच्याशी बोलत असतो, बोलता बोलता वळून पाहतो, आणि ती नसते. वळून पाहणारा अपोलो, नाहीशी होणारी थ्रेस. काही परंपरांत ऑर्फियस हा अपोलोचाच पुत्र मानला आहे. लेखकांनी हे जाणून केले की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पडद्यावर ते आहे.

१९६७ आणि २००९ यांमधील अंतर येथे स्पष्ट होते. 'स्टार ट्रेक'मध्ये प्रगत माणूस एकदेववादी आणि देव कालबाह्य. 'गॅलॅक्टिका'त माणसे अनेकदेववादी, तर त्यांना नष्ट करायला निघालेली यंत्रे, म्हणजे सायलॉन, एकेश्वरवादी आहेत. काळ चक्राकार फिरतो आणि घडलेले पुन्हा घडते, ही मालिकेची श्रद्धा आपल्या युगकल्पनेच्या जवळ जाते. २००१ नंतरच्या अमेरिकेत श्रद्धेच्या नावाने चाललेल्या युद्धाची छाया या रचनेवर आहे, हे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र राहते. सायलॉन मरतात तेव्हा त्यांची स्मृती नव्या देहात उतरते आणि ते पुन्हा उठून उभे राहतात. मराठी वाचकाला यात कच आठवला नाही तरच नवल. असुरांनी कचाला तीनदा मारले आणि देवयानीच्या हट्टाखातर शुक्राचार्यांनी संजीवनी विद्येने त्याला तीनदा उठवले. तिसऱ्या वेळी तर तो गुरूच्या पोटातून बाहेर आला. देवयानीचे पहिले प्रेम तोच. तरीही आपल्या नक्षत्रनामांत ययाती आहे, शर्मिष्ठा आहे, वृषपर्वा आहे, आणि कचाला जागा नाही. ग्रीक कथेतही अँड्रोमेडाचा आधी वाग्दत्त असलेला फिनियस होता. पर्सियसने त्याला मेडुसाचे मस्तक दाखवून दगड केले. आकाशात तोही नाही.